साबण घरचा, तेल परक्याचे!

रविवारची सकाळ. कोथरूडमधील एखाद्या सोसायटीचे सभागृह. टेबलावर पांढरा स्वच्छ कपडा अंथरलेला, त्यावर गुलाबाच्या आणि फुलपाखराच्या आकाराचे साचे, लव्हेंडर आणि रोझमेरीच्या चिमुकल्या कुप्या आणि या सर्वांच्या मधोमध, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तशी, स्पेनहून आलेली ऑलिव्ह तेलाची हिरवीगार बाटली. समोर पंचवीस-तीस भगिनी वह्या उघडून बसलेल्या. विषय असतो, ‘घरच्या घरी ऑलिव्ह तेलाचा साबण, शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’. बाजारातून आणलेली साबणाची तयार लादी चिरली जाते, मायक्रोवेव्हमध्ये वितळवली जाते, तिच्यात चमचाभर ऑलिव्ह तेल, चार थेंब सुगंध आणि चिमूटभर रंग घातला जातो. मिश्रण साच्यात ओतले, तासाभराने बाहेर काढले की साबण तयार! शुल्क भरलेल्या भगिनी हाती दोन गुलाबी वड्या आणि मनात स्वावलंबनाचे समाधान घेऊन घरी परततात.

डहाणूकर कॉलनीपासून मयूर कॉलनीपर्यंत आणि कर्वे पुतळ्यापासून वनाजपर्यंत असे वर्ग आता कुणाला नवे राहिलेले नाहीत. त्यांना जाणाऱ्या भगिनींची चेष्टा करण्याचे कारण नाही. आपल्या घरात लागणारी वस्तू आपल्या हाताने करावी, मुलांच्या अंगाला काय लागते ते आपल्याला कळावे, जमल्यास त्यातून चार पैसे मिळवावेत, ही इच्छा निरोगी समाजाचे लक्षण आहे. प्रश्न त्या इच्छेचा नाहीच. त्या इच्छेच्या ओंजळीत काय घातले जाते, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कटू आहे. या वर्गांत साबण ‘केला’ जात नाही. कारखान्यात झालेला साबण केवळ पुन्हा वितळवला जातो. ज्याला केमिकल-फ्री म्हटले जाते त्या लादीत रसायनांची यादी लांबलचक असते. आणि ज्या तेलाच्या नावाने हा सोहळा चालतो ते तेल हजारो मैलांवरून आलेले असते, त्याचा वाटाही चमच्याहून अधिक नसतो. स्वावलंबनाच्या नावाने परावलंबनाची ही शिकवणी आहे, हे कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

कर्वे रस्त्याची आठवण

हे सांगायचे तर कोथरूडमध्येच सांगायला हवे. पुण्यातून कोथरूडला नेणाऱ्या कर्वे रस्त्याला या विषयाचा इतिहास आहे. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्याच्या तरुणांनी परदेशी कपड्यांची होळी केली, ती लकडी पुलाच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर, आजच्या कर्वे रस्त्याच्या आरंभाशी. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणारे विनायक दामोदर सावरकर त्या होळीचे सूत्रधार होते. लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांचे तेथे मार्गदर्शन झाले. ही होळी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण स्वदेशी केवळ जाळण्यावर थांबलेली नव्हती, हे फारसे कुणाला आठवत नाही. जे जाळले त्याच्या जागी उभे काय करायचे, याचा विचार त्याच पिढीने केला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. एकेक पैसा गोळा करून काच वितळवायची भट्टी पेटवणारी ती माणसे होती. काच काय असते, वाळूत कोणता क्षार घातला की ती वितळते, हे आधी शिकावे लागेल, एवढे भान त्यांना होते.

साबणाचीही कथा तीच. १८८८ पासून ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का मिरवणारा सनलाइट आणि पाठोपाठ लाइफबॉय हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागले. त्या काळात साबणात प्राण्यांची चरबी असणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत चरबीला फाटा देऊन केवळ वनस्पती तेलांपासून साबण करण्याचा ध्यास घेतला आणि १९१८ च्या सुमारास त्यांचा ‘चावी’ छाप कपडे धुण्याचा साबण बाजारात आला. अंगाचा साबण त्यामागोमाग आला. कुलपे आणि तिजोऱ्या करणारा माणूस तेलांचा अभ्यास करतो आणि साहेबाच्या साबणाला उत्तर देतो, ही खरी स्वदेशी. याच अर्देशिर यांनी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख!

आणि कर्वे रस्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते महर्षी धोंडो केशव कर्वे? विधवा भगिनींना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी त्यांनी १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडीत आश्रम नेला. शिक्षण म्हणजे हाताला येणारी विद्या आणि त्या विद्येतून येणारा स्वाभिमान, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या परिसरात ही परंपरा मुरली आहे, तेथे आज स्त्रियांना शिकवले काय जाते? लादी चिरा, वितळवा, साच्यात ओता. महर्षींच्या झोपडीत असली शिकवणी चालली असती काय?

साबण म्हणजे काय?

‘केमिकल-फ्री साबण’ असा शब्द उच्चारणाऱ्याला साबण म्हणजे काय ते ठाऊक नाही किंवा ठाऊक असूनही तो लपवतो आहे, असे खुशाल समजावे. साबण म्हणजे तेल आणि तीव्र क्षार यांच्या संयोगातून जन्मणारे लवण. घन साबणासाठी तो क्षार म्हणजे कॉस्टिक सोडा. त्याच्यावाचून वडीचा साबण आजवर कुणी केलेला नाही आणि पुढेही करणार नाही. संयोग पूर्ण झाला की वडीत कॉस्टिक उरत नाही, साबण आणि ग्लिसरीन उरते. यात लाजण्यासारखे काय आहे? चुना आणि कात यांच्याशिवाय विडा रंगत नाही, तसे हे आहे. लपवण्यासारखे काही नसताना लपवले जाते, कारण अज्ञान विकणे सोपे असते.

शुद्ध ऑलिव्ह तेलाचा साबण करायचाच असेल तर त्याची रीत साधी आहे आणि ती येथे सांगून टाकणेच योग्य. एक किलो ऑलिव्ह तेलाला सुमारे १२८ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा आणि सव्वातीनशे ग्रॅम पाणी लागते. या मापात शंभरातील पाच भाग तेल मुद्दाम मोकळे राहते, म्हणजे वडी त्वचेला कोरडी लागत नाही. मोजमाप वाटी-चमच्याने चालत नाही, ग्रॅम दाखवणारा काटाच हवा. सोडा पाण्यात हळूहळू सोडायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, कारण मिश्रण क्षणात उकळून अंगावर उडते. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या आणि मुले खोलीबाहेर. ॲल्युमिनियमचे किंवा हिंडालियमचे पातेले या कामी वर्ज्य, क्षार त्या धातूला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणू नये. नळ साफ करण्यासाठी मिळणारी भेसळीची पूड वापरू नये. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे.

पाणी कोमट झाले की ते कोमट तेलात घालून घुसळत राहायचे. मिश्रण बासुंदीसारखे दाटले, वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठावर उमटून राहिली, की साच्यात ओतायचे. ऑलिव्हचे मिश्रण दाटायला फार वेळ घेते, ताक करण्याचा धीर लागतो. दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि वारा लागेल अशा सावलीत मांडायच्या. रसायनाचे काम पहिल्या दोन दिवसांत बहुतेक आटोपते, पण वडी पक्की व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि निव्वळ ऑलिव्हची वडी तर सहा महिन्यांनी खरी मुरते. घाईने वापरली तर ती बुळबुळीत लागते. तासाभरात साबण देणारा वर्ग आणि सहा महिने वाट पाहायला लावणारा साबण, यांतील खरा कोणता, हे वेगळे सांगायला नको.

ऑलिव्ह त्यांचे, आपले काय?

ऑलिव्हच्या साबणाशी वैर धरण्याचे कारण नाही. तो उत्तम साबण आहे. सौम्य आहे, त्वचेला मानवतो, त्याला शतकांची परंपरा आहे. पण ती परंपरा कुणाची, हे पाहायला हवे. सीरियातील हलब, म्हणजेच अलेप्पो, पॅलेस्टाइनमधील नाब्लुस, स्पेनमधील कॅस्टील, फ्रान्समधील मार्सेय. ही सारी ठिकाणे ऑलिव्हच्या बनांच्या देशांतील. तेथे ऑलिव्ह दारात पिकतो, म्हणून त्याचा साबण होतो. खाऊन उरलेले, कमी प्रतीचे तेल साबणाच्या कढईत जाते. त्या समाजांनी हा वारसा कसा जपला तेही पाहण्याजोगे आहे. १६८८ मध्ये फ्रान्सच्या राजाज्ञेने मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज अन्य स्निग्ध पदार्थ घालण्यास मनाई केली. हलब आणि नाब्लुस येथील साबणकलांची नोंद युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. युद्धाच्या आगीत होरपळणारी माणसेसुद्धा आपल्या मातीतल्या तेलाचा साबण विसरली नाहीत.

त्यांच्याकडून शिकायचे ते हेच की आपल्या दारी जे पिकते त्यातून आपली वस्तू करावी. कोथरूडने मात्र त्यांची बाटली तेवढी उचलली, बुद्धी तेथेच ठेवली. मागच्या पिढीतील मराठी घरांत ऑलिव्ह तेल असे, पण ते तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी, फिगारोच्या छोट्या डब्यात, जपून वापरायचे. आज लिटरला हजार रुपयांच्या आसपास मोजून तेच तेल साबणासाठी आणले जाते. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. इंडोनेशिया-मलेशियाचे पाम, अर्जेंटिनाचे सोयाबीन, युक्रेन-रशियाचे सूर्यफूल. ज्या देशाच्या कढईतले तेलही जहाजातून उतरते, त्या देशाने अंगाला लावायच्या साबणासाठीही जहाजाचीच वाट पाहावी?

गंमत पाहा. स्वयंपाकासाठी लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आवर्जून शोधणारे कुटुंब साबणाचा विषय निघताच स्पेनकडे पाहते. दिवाळीच्या पहाटे उटणे आणि तिळाचे तेल लावून अभ्यंगस्नान करणारे घर वर्षाचे उरलेले दिवस लव्हेंडरच्या वासात काढते. शिकेकाई, रिठा, हरभऱ्याचे पीठ यांनी ज्या घरातील कित्येक पिढ्या नाहल्या त्या घराला आपल्याकडे त्वचेची काळजी घेण्याची विद्याच नव्हती असे वाटू लागते. ही मनाची गुलामी तेलाच्या आयातीहून अधिक महाग पडते.

लोणार ते वर्धा

महाराष्ट्राला साबणाची विद्या परकी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद केली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील त्या उल्कासरोवराचे पाणी क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे थर जमत. सोड्यात चुन्याची निवळी मिसळली की तीव्र क्षार तयार होतो, आणि तेलाशी त्याचा संयोग झाला की साबण. आज जगभरातून पर्यटक जे सरोवर पाहायला येतात त्याच्याशी साबणाचे नाते आहे, हे महाराष्ट्रातील किती शाळांत सांगितले जाते?

त्यानंतर वर्धा. १९३४ मध्ये तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ मगनवाडीत बसून घाणी, कागद, गूळ आणि साबण यांचा हिशेब मांडू लागला. त्या परंपरेतूनच पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कामात ‘अखाद्य तेले आणि साबण’ हा स्वतंत्र उद्योग आला. या शब्दांतील ‘अखाद्य’ हा शब्द पुन्हा वाचावा. सारे शहाणपण त्या एका शब्दात आहे. जे तेल माणसाच्या पोटात जाऊ शकते ते पोटात जाऊ द्यावे. साबणासाठी करंज, कडूनिंब, मोह आणि कोकणातील उंडी अशा झाडांचे बी गोळा करावे. ते गोळा करणाऱ्या वनवासी आणि ग्रामीण हातांना मजुरी मिळते, खाद्यतेल वाचते आणि पेंड शेताला खत म्हणून जाते. एका वडीमागे अशी साखळी उभी राहते.

आज पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला करंजाच्या शेंगा गळून पडतात आणि झाडूने कचऱ्यात लोटल्या जातात. त्याच रस्त्याने जाणारी मोटार दुकानासमोर थांबते आणि ऑलिव्हची बाटली घेऊन पुढे जाते.

यावर कुणी म्हणेल, करंजाच्या तेलाला वास येतो, रंग गडद असतो. खरे आहे. म्हणूनच ते एकटे वापरायचे नसते. एक किलो तेलाचा एक आपला मेळ असा साधता येतो. खोबरेल ३०० ग्रॅम, ते वडीला कठीणपणा आणि फेस देते. शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम, त्याने सौम्यपणा येतो. करंज तेल २०० ग्रॅम आणि एरंडेल १०० ग्रॅम, एरंडेलाने फेस टिकतो. या मेळाला १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि सव्वातीनशे ग्रॅम पाणी पुरते. तेल बदलले की सोड्याचे मापही बदलते, कारण प्रत्येक तेलाचा साबणीकरणाचा अंक वेगळा असतो. खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा बराच अधिक सोडा लागतो, एरंडेलाला थोडा कमी. तो अंक पाहिल्याशिवाय कुणीही मनाने मेळ बदलू नये. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते भिरंडेल थोडे घातले तर वडी आणखी घट्ट होते. करडईचे तेल मात्र बेताने, त्याच्या आधिक्याने साबण लवकर खवट होतो. सुगंधासाठी वाळा आहे, गवती चहा आहे. कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून देशातच तयार होतो. या वडीतील एकही कण जहाजाची वाट पाहत नाही.

वेष्टनावरचे बारीक अक्षर

येथे आणखी एक पडदा दूर करायला हवा. ‘घरच्या साबणाचे खूळ कशाला, बाजारात वीस-तीस रुपयांत उत्तम साबण मिळतो’ असे म्हणणाऱ्यांनी हातातील वेष्टन एकदा उलटून पाहावे. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात किमान ७६ टक्के एकूण स्निग्धांश हवा, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६०. वेष्टनावर हा आकडा टीएफएम या अक्षरांपुढे छापलेला असतो. याखेरीज ‘बाथिंग बार’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्याच्या मानकाला ४० टक्के पुरतात. दुकानात सारे एकाच फळीवर मांडलेले, एकाच झगमगाटात जाहिरात केलेले. बारीक अक्षरांत ‘बाथिंग बार’ लिहिले की कायद्याचे समाधान होते, ग्राहक मात्र साबण समजून तो घरी नेतो. घरी योग्य मापाने केलेल्या आणि नीट वाळवलेल्या वडीचा स्निग्धांश हिशेबाने पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास येतो. कोथरूडच्या ओट्यावर होणारी वडी जाहिरातीतल्या अनेक वड्यांना मान खाली घालायला लावील.

ग्लिसरीनचेही तसेच. तेलातून साबण होताना तेलाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढे ग्लिसरीन मोकळे होते. त्वचेचा मऊपणा राखणारा हाच पदार्थ. मोठ्या कारखान्यांत तो सहसा वेगळा काढला जातो, कारण औषधे आणि प्रसाधनांच्या धंद्यात त्याला चांगला भाव असतो. मग साबणाने कोरडी पडलेली त्वचा घेऊन ग्राहक दुकानात जातो आणि तेच ग्लिसरीन घातलेले क्रीम वेगळे पैसे मोजून विकत घेतो. आधी काढून घ्यायचे आणि मग विकत द्यायचे, या व्यवहाराला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते पंडितांनी सांगावे. साध्या मराठीत त्याला लुबाडणूक म्हणतात. घरच्या वडीतील ग्लिसरीन वडीतच राहते.

चरबीचा प्रश्न तर अजून पुरता विझलेला नाही. १९८३ मध्ये आयात केलेली गोचरबी वनस्पती तुपात मिसळली जाते हे उघड झाले तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली होती. ज्या समाजाने तो धक्का सोसला, त्याने आपल्या अंगाला आणि पोटात काय जाते हे कळण्याचा आग्रह कधीच सोडायला नको होता. वेष्टन वाचण्याची सवय हा त्या आग्रहाचा पहिला धडा आहे.

कायद्याचा दरवाजा उंच, उंबरठा त्याहून उंच

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. एखाद्या भगिनीने हे सारे शिकून घेतले. काटा आणला, चष्मा घातला, महिनाभर वड्या वाळवल्या. शेजारणींनी मागितल्या, नातलगांनी मागितल्या. बचत गटाच्या जत्रेत टेबल मांडावे असे तिला वाटले. येथे कायदा तिच्यासमोर उभा राहतो. घरच्या वापरासाठी साबण करायला परवाना लागत नाही, पण विकायचा म्हटले की लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून पूर्वी साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अंगाचा साबण विक्रीसाठी करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा. त्यासाठी ठरलेली जागा हवी, यंत्रसामग्री हवी, तपासणीची व्यवस्था हवी, पात्रताधारक तांत्रिक माणूस हवा. हजारो टन साबण ओतणारा कारखाना आणि महिन्याला दोनशे वड्या करणारी गृहिणी, दोघांसाठी दरवाजा एकच!

परिणाम काय होतो? प्रामाणिक भगिनी घाबरून थांबते. जी थांबत नाही ती ‘हॅम्पर’, ‘भेटवस्तू’ अशा आडपडद्याने विकते आणि कुणी तक्रार केली तर काय होईल या धास्तीत राहते. आणि तयार लादी वितळवणारे मात्र ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’ अशी लेबले चिकटवून मोकळे होतात, कारण खरे काय आणि खोटे काय हे तपासण्याची साधी सोयच नाही. कायदा त्वचेच्या रक्षणासाठी आहे, तो असायलाच हवा. कॉस्टिक सोड्याशी खेळ करून कुणाच्या मुलाच्या अंगाची आग होऊ नये, हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण उंबरठा एवढा उंच करायचा की प्रामाणिकाला ओलांडता येऊ नये आणि लबाडाने खिडकीतून आत यावे, हे कोणत्या रक्षणात बसते?

खाद्यपदार्थांच्या बाबतीत सरकारनेच मार्ग दाखवलेला आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने छोट्या उत्पादकासाठी मोठ्या परवान्याऐवजी साध्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. म्हणूनच पापड, लोणची आणि चकल्या करणाऱ्या लक्षावधी महिला उजळ माथ्याने विक्री करू शकतात. जो पदार्थ पोटात जातो त्याला नोंदणी पुरते आणि जो अंगाला लावून धुऊन टाकायचा त्याला मात्र कारखान्याचा परवाना, ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नाही की आणायची नाही?

थोडे मागे वळून पाहावे. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतील रसायनज्ञाने घरच्या अंगणात कपडे धुण्याची पूड तयार केली आणि सायकलवरून दारोदार विकली. तिचे ‘निरमा’ झाले आणि बहुराष्ट्रीय कंपनीला घाम फुटला. त्याच वर्षी तेव्हाच्या मद्रासमध्ये रेल्वेतील डॉक्टर व्ही. पी. सिद्धन यांनी पत्नीच्या साथीने घरात वनौषधींचा साबण सुरू केला, त्याचे ‘मेडिमिक्स’ झाले. दोन्ही उद्योगांचा जन्म अंगणात आणि स्वयंपाकघरात. आज कोथरूडच्या एखाद्या सदनिकेत असा उद्योग अंगाच्या साबणाने जन्माला येऊ पाहील तर त्याला पहिला श्वास तरी घेता येईल काय? धोरणाची दिशाही पाहावी. कपडे धुण्याचा साबण लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंच्या यादीत होता. एप्रिल २०१५ मध्ये अखेरच्या वीस वस्तूंचे आरक्षण उठले, त्यात मेणबत्ती, आगपेटी, उदबत्ती यांच्याबरोबर तोही गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाच्या साबणावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. पण त्याचा लाभ ज्याच्याकडे परवाना आणि कारखाना आहे त्यालाच होणार. ‘व्होकल फॉर लोकल’ची घोषणा देणाऱ्या राज्यकर्त्यांना येथे प्रश्न विचारावाच लागेल. ज्या लोकलला तोंड उघडायचीच परवानगी नाही तिच्यासाठी व्होकल कोण होणार?

मागणी अवघड नाही. ठरावीक वार्षिक उलाढालीखालील साबणकर्त्यांसाठी साधी नोंदणी हवी. दोन-तीन दिवसांचे सुरक्षेचे आणि मोजमापाचे प्रशिक्षण अनिवार्य असावे. वडीवर घटक, वजन, तारीख आणि करणाऱ्याचे नाव ठळक मराठीत असावे. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागात अल्प शुल्कात नमुना तपासून मिळावा. पुण्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांची वाण नाही, केवळ त्यांच्या प्रयोगशाळेचे दार बचत गटासाठी उघडायला हवे. अन्न व औषध प्रशासनाने ठरवले, लोकप्रतिनिधींनी दिल्लीत आवाज उठवला, तर हे होण्यासारखे आहे.

काही विचारवंत हसतील. चार गृहिणींच्या वड्यांनी बहुराष्ट्रीय कंपन्या थोड्याच बुडणार आहेत? नाहीच बुडणार. कुणाला बुडवण्यासाठी साबण करायचाही नसतो. १९०५ च्या होळीने मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडल्या नाहीत, पण आपण काय नेसतो याचा विचार करणारी एक पिढी तिच्या उजेडात उभी राहिली. आपल्या वस्तूत काय आहे हे ज्याला कळते त्याला फसवता येत नाही, आणि ज्या समाजाला फसवता येत नाही त्याच्यावर बाजारही राज्य करू शकत नाही.

तेव्हा कोथरूडच्या भगिनींनी पुढच्या रविवारी त्या वर्गात अवश्य जावे. पण शुल्क भरण्यापूर्वी शिकवणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. या साबणात कॉस्टिक सोडा कुठे आणि किती आहे? या लादीत काय काय आहे? आणि यातले तेल कोणत्या मातीतले आहे? उत्तरे सरळ आली तर बसावे, शिकावे. आली नाहीत तर उठावे आणि कर्वे रस्त्याने चालत घरी यावे. वाटेत एखादा करंज उभा असेल, शेंगा गळायचे दिवस असतील तर पायाशी शेंगांचा सडाही पडलेला असेल. त्यातली एक शेंग उचलून पदरात बांधावी. साबणाचा खरा वर्ग तेथून सुरू होतो.